लाल म्हणजे लालच असतंय की मावशी

मला फक्त एक हात करायचा होता. तोही पूर्ण नाही. पंजापासून नऊ ओळी विणून झाल्या होत्या, तेरा राहिल्या होत्या आणि लोकर संपली. डोकं झालंय, धड झालंय, दोन्ही पाय झालेत, डावा हात झालाय, तोंडावरच्या जाळ्याच्या रेघा मारता मारता माझी मान गेलीय, भाच्याचा वाढदिवस रविवारवर आलाय, आणि आमचा लोकरीचा बाहुला, स्पायडरमॅन, उजव्या कोपरापाशी संपलाय.

तर गेले गोलाईच्या बाजारात, लोकर आणायला. दुपारी दीड वाजता, कारण डबे अकराला सुटतात, मेसची पंगत एकला उरकते आणि चारला परत कणीक तिंबायची. मधले तीन तास माझे. लातूरच्या मे महिन्यात दीड वाजता कोण बाहेर पडतं ते सांगायला नको. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्या सोळाही रस्त्यांवर मिळून मी आणि रसवंतीच्या सावलीला झोपलेलं एक कुत्रं.

दुकानदार पंख्याखाली मोबाईल बघत बसलेला. मी त्याच्यापुढे उरलेला वीतभर धागा ठेवला आणि गुंड्यावरचा कागद ठेवला. हो, जपून ठेवला होता, माझ्याकडे २०११ च्या फ्रीजचीही पावती आहे. म्हटलं, शेड हीच आणि लॉटही हाच पाहिजे. तर तो न बघताच म्हणतो, "शेड तीच हाय ताई." आणि फळीवरून गुंडा काढून टाकला पुढ्यात.

शेड तीच होती. लॉट वेगळा. आता ज्यांनी कधी लोकर हातात धरलीय त्यांना हे सांगायला नको, शेडचा नंबर तोच असला तरी रंगाची कढई वेगळी असते. माझ्या आमटीचंच बघा. तीच डाळ, तेच तिखट, हात माझाच, पण कालची आणि आजची एका ताटात वाढली तर वरच्या खोलीतलं पोरगंसुद्धा ओळखतं. म्हणून तर कंपनी कागदावर लॉट छापते, शोभेला नाही.

आत ट्यूबखाली माझा धागा आणि हा गुंडा सख्ख्या बहिणी. मी दोन्ही घेऊन पायरीवर गेले आणि उन्हात धरले. एक ताजं कुंकू. दुसरं करंड्याच्या तळाशी दोन वर्षं पडून काळवंडलेलं कुंकू. मी ओरडलेच, "अहो, हे बघा!" त्यानं मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाला,

"लाल म्हणजे लालच असतंय की मावशी."

लक्षात घ्या. आत शिरले तेव्हा मी ताई होते. गुंडा उन्हात नेला तेवढ्यात मावशी झाले. पुढे मी गोडाऊनमध्ये जुन्या लॉटचा गुंडा आहे का बघा म्हटलं तेव्हा मॅडम झाले, आणि लातूरच्या दुकानात मॅडम म्हणाले की समजायचं, आता आपण निघावं अशी त्यांची इच्छा आहे.

"काय होत नसतंय मॅडम. शिवल्यावर कळत बी नाही."

"लेकराला काय कळतंय."

आणि तो शिडीवर चढलेला नोकर, मिसरूड न फुटलेला, तो वरून म्हणतो, "मॅडम, फुल बाहीचा शर्ट घाला की त्याला."

बरं, हे चालू असताना तिथेच एक बाई आल्या. साडी घेऊन. फॉलला मॅचिंग पाहिजे. आणि हाच माणूस, हाच, लाल म्हणजे लाल वाला, गादीवरून उठला, सहा फॉल घेतले, त्यांची साडी घेतली आणि स्वतः, स्वतः, भर उन्हात पायरीवर जाऊन उभा राहिला. "हा रामा झाला ताई, तुमची साडी मोरपंखीकडं जायली." अरे! रामा आणि मोरपंखीतला फरक कळतो ना तुला? चिंतामणी म्हणजे कुठला निळा, आमसुली आणि वांगी यांच्यात कोण कुठं संपतं, हे झोपेत सांगशील ना? जो फॉल साडीच्या आत जातो, जमिनीकडं तोंड करून असतो, जो बघायला माणसाला वाकावं लागेल, त्याच्यासाठी ऊन. आणि माझ्या स्पायडरमॅनचा हात, जो समोर असतो, कॅमेऱ्यासमोर असतो, त्याला काय होत नसतंय!

मी घेतला तो गुंडा. हो, घेतला. रविवार आहे म्हटलं ना.

घरी येईपर्यंत सगळं आठवायला लागलं. एक आठवलं की मागोमाग दुसरं. ही मखमली लोकर, हिच्यात टाका दिसत नाही. मुका खांब, म्हणजे तो आखूड टाका, घालायचा तो कुठं घालायचा, हे बोटानं चाचपून शोधावं लागतं, अंधारात काडेपेटी शोधतात तसं. सहाचे बारा, बाराचे अठरा, अठराचे चोवीस, असं छत्तीस टाक्यांपर्यंत डोकं वाढवत न्यायचं आणि चौतिसाव्याला कोणीतरी "काकू, मीठ" म्हणतं. झालं. उसवा. आणि ही लोकर उसवतही नाही नीट, दोनदा ओढली की केस गळतात तिचे, नुसता दोरा उरतो. साधी लोकर आणली असती तर सुखानं उसवली असती, पण नाही, भाच्याला मऊ पाहिजे, गालाला लावायचाय.

आणि ते इंग्रज. त्यांचा डबल टाका म्हणजे अमेरिकेचा सिंगल, ही काय पद्धत आहे? एका सुईवर दोन देशांचं एकमत होईना. मी पहिलं डोकं विलायती कागद बघून विणलं. डबल लिहिलंय, मी आपले उंच खांब घातले, आमच्या आक्कानं शिकवले तसे. तर डोक्याला ही भोकं! कापूस भरला तर सगळीकडून बाहेर. जाळं वरून भरायचं होतं, ते आतूनच तयार झालं. नंतर कळलं की त्यांचा डबल म्हणजे आपला मुका खांब. एक अख्खं डोकं गेलं त्यात.

व्हिडिओवाल्या बाईचं तर नावच काढू नका. तिचं तोंड दिसत नाही, नुसती नखं दिसतात. बोलत नाही, मागं पियानो. डोक्याच्या पहिल्या सहा टाक्यांना बारा मिनिटं दिली तिनं. आणि जिथं माणूस अडतो, हात धडाला कुठल्या ओळीवर, कुठल्या कोनात लावायचा, तिथं स्क्रीनवर फुलपाखरू उडालं आणि पुढच्या क्षणी हात जोडलेले. खाली नुसतं लिहिलंय, हात जोडून घ्या. जोडले बाई. दोन्ही जोडले. आता तूच सांग.

सासूबाईंनी मदत केली तोही वेगळाच विषय आहे. कापसाच्या मुलखात जन्म गेलेल्या बाईला पॉलिस्टरचा कापूस विकत आणणं म्हणजे घरात गाय असताना पिशवीचं दूध. मी डबे द्यायला खाली गेले आणि त्यांनी जुन्या उशीतला कापूस काढून डावा पाय गच्च भरून ठेवला. शिवूनही टाकला! आता त्याला गोळे आलेत. उजवा पाय फुलासारखा, डावा हत्तीरोगासारखा. उभा केला की डावीकडे कलतो. धुतला की आठवडाभर वाळणार नाही. पण सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला काय बोलायचं, मी गप्प बसले. (गप्प बसले नाही. पण त्यांना ऐकू कमी येतं.)

शेजारच्या काकूंचं नेहमीचंच. "वेळ जातो का गं तुझा यात?" नाही काकू, चौदा पोरांचं दोन वेळचं रांधून मला वेळ जात नव्हता, म्हणून घेतलं. वर, "सिद्धेश्वरच्या जत्रेत दीडशेला मिळतात बघ." जत्रेतला मिळतो. नाकाला प्लॅस्टिकचा वास येतो, दुसऱ्या दिवशी पाठ फाटते आणि आतून थर्माकोलचे मणी घरभर होतात. तो दीडशेला मिळतो.

आणि हा सगळा वैताग मुळात त्या वेषाचा आहे. १९६२ साली स्टीव्ह डिटको नावाच्या चित्रकारानं तो वेष काढला, कागदावर, पेननं. कागदावर रेघा मारायला काय जातं? त्याला कोणी म्हटलं असतं की बाबा, यातली एकेक रेघ एक बाई काळ्या दोऱ्यानं छत्तीस टाक्यांच्या गोल डोक्यावर शिवणार आहे, रात्री साडेदहाला, भारनियमनात, तर त्यानं त्याला साधं टोपडं घातलं असतं. १९३८ चा सुपरमॅन बघा. निळं अंग, लाल चड्डी, मागं पदर, छातीवर एक अक्षर. कोणीतरी बायकोचा विचार केलाय. हल्क मागितला असता तर हिरव्याचे तीन गुंडे आणि एक फाटकी चड्डी, मंगळवारी सुरू, शुक्रवारी संपला. पण नाही. भाच्याला स्पायडरमॅन पाहिजे. मूळ वेषात हाताची आतली बाजू निळी असते, ते मी आधीच सोडून दिलं, एवढी शहाणी आहे मी.

तरी रेघा मी मारल्या. नाकाच्या जागी एक टाका धरून तिथून चहूबाजूंनी. सगळ्या सारख्या अंतरावर याव्यात म्हणून टाचण्या लावून, मोजून. पूर्ण झाल्यावर जरा कौतुकानं आमच्या यांच्यापुढं धरलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "ही तर गोलाई काढली की तू." मी म्हटलं, काहीतरीच काय. तर बोट ठेवून दाखवायला लागले, "हे नाक म्हणजे जगदंबेचं देऊळ. ही सराफ लाइन. ही कापड लाइन. इथं डोळ्यापाशी आपली स्कूटर उचलून नेली होती बघ."

मोजल्या मी नंतर. सोळाच निघाल्या.

तिथून माझा राग जरा पातळ व्हायला लागला, आणि मला ते आवडलं नाही. कारण राग पातळ झाला की खरं आठवतं. मला आठवलं की तीन आठवड्यांपूर्वी याच दुकानात, याच पंख्याखाली मी लाल लोकर घ्यायला गेले होते आणि याच माणसानं, बरं का, तीन गुंडे पुढं ठेवले होते. "ताई, तीन घेऊन ठेवा. कमी पडला तर हाच लॉट परत येईल असं नसतंय." आणि मी, जिनं फ्रीजची पावती जपलीय, ती मी, नव्वद रुपये वाचवायला तिसरा गुंडा त्याच्याकडं सरकवला होता आणि म्हटलं होतं,

"काही होत नसतंय हो. दोन बास."

हे त्याला आठवत असेल का? काल तो मला बोलला नाही, पण शिडीवरच्या त्या पोराकडं बघून हसला होता. आता मला वाटायला लागलंय की आठवत होतं. आता मला त्याचा जास्तच राग येतोय.

संध्याकाळी नव्या गुंड्यानं हात पूर्ण केला. कोपरापर्यंत कुंकू, कोपराच्या वर काळं कुंकू. शिवल्यावर कळत नाही? सासूबाईंना मोतीबिंदू आहे, त्यांनी विचारलं, याला भाजलंय का. वर राहणारी, डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी तीन पोरं जेवायला आली तेव्हा मी तो मुद्दाम फ्रीजवर ठेवला होता, बघू कोण ओळखतंय. पहिला घास घ्यायच्या आत एकजण म्हणाला, "काकू, याचा एक हात धमनी आहे आणि दुसरा वरनं शीर." मी म्हटलं म्हणजे काय रे. तर त्यानं पोळीचा तुकडा हातात धरून मला समजावलं की फुप्फुसात जाऊन आलेलं रक्त लालभडक असतंय आणि जायचं राहिलेलं गडद. दुसरा म्हणाला, दोन्ही मिसळायला म्हणजे याच्या हृदयाला भोक आहे. तिसरा, जो दोडका बघून रोज तोंड वाकडं करतो आणि कानात ते पांढरं बोंडुक घालून जेवतो, त्यानं बोंडुक काढलं, नीट बघितलं आणि म्हणाला, "काकू, ऑपरेशन लागणार."

त्याला मी दुसरी पोळी विचारली नाही. आईबापानं लातूरला डॉक्टर व्हायला पाठवलंय, माझ्या हातावर निदान करायला नाही.

पण ते ऑपरेशन डोक्यात बसलं. विचार केला, नव्या गुंड्यात लोकर भरपूर आहे. एका हातात दोन लाल दिसतात म्हणून खटकतं. दोन्ही हातच नव्या लॉटचे केले तर? दोन्ही सारखे काळपट. मग ती चूक दिसणार नाही, हातमोजे घातल्यासारखं दिसेल. म्हणजे उजवा उसवायचा, आणि डावा, जो चांगला झाला होता, ज्याच्यात एकही टाका चुकला नव्हता, जो तीन आठवड्यांत मला जमलेली एकमेव धड गोष्ट होती, तोही काढायचा.

रात्री साडेअकराला लाइट गेली. मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर, मांडीत स्पायडरमॅन, तोंडात बॅटरी, हातात शिलाईची मोठी कात्री. डावा खांदा धरला आणि धागा तोडायला लागले. मखमल लवकर तुटत नाही, दात लावावा लागला. हात सुटून आला तेव्हा आतला कापूस सगळा माझ्या केसांवर.

दारात काहीतरी हललं. दोडकावाला पाण्याची बाटली भरायला आला होता. त्यानं कात्री बघितली. माझ्या हातातला हात बघितला. मग बाटली तशीच रिकामी घेऊन एक पाऊल मागं सरकला.

"काकू," म्हणाला, "उद्या दोडका असला तरी चालतंय."