रविवारी दहापर्यंतचे ख्रिस्तीपण

वसई, नगर किंवा बेळगावहून पोटापाण्यासाठी गोव्यात येऊन स्थिरावलेल्या मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींनी सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की, ख्रिस्ती म्हणून जगायला याहून सोयीचा प्रदेश सहसा मिळणार नाही. येथे वाड्यावाड्यावर क्रूस आहेत, नाताळच्या रजेसाठी साहेबांना काही समजावून सांगावे लागत नाही आणि मे महिन्यात क्रूसापुढे लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, झाली की उकडलेले चणेही हातावर पडतात. परिसरानेच एवढी तजवीज करून ठेवलेली असताना श्रद्धा स्वतःच्या अंगी बाणवण्याचा खटाटोप करू नये. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून दहाच्या सुमारास चर्चच्या पायऱ्या उतरल्या की आठवड्याचे कर्तव्य संपले, असे समजावे.

पाचारणाचा, म्हणजे देवाच्या बोलावण्याचा, प्रश्न मात्र आधीच निकालात काढावा, कारण तो वेळीच मिटवला नाही तर पुढे कामाच्या जागी त्रास देतो. पाचारण फक्त फादर आणि सिस्टर यांनाच होते, हा समज घट्ट धरून ठेवावा. फादर घडवणाऱ्या सेमिनरीत मुले जाईनाशी झाली, अशी हळहळ चर्चच्या दारात अवश्य व्यक्त करावी, त्यासाठी गुडघे टेकून प्रार्थनाही करावी. पण ती शेजाऱ्याच्या मुलासाठी असावी, कारण आपल्या मुलाचे परदेशी जाण्याचे कागद तयार होत आलेले असतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात पावित्र्याचे पाचारण प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आहे आणि प्रापंचिकांनी आपापल्या नोकरी-व्यवसायात राहूनच खमिरासारखे जगाला आतून बदलावे, असे म्हटले आहे. हा दस्तऐवज कपाटात असावा आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी करू नये.

सरकारी कचेरीत असाल तर मेजाच्या काचेखाली येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र जरूर ठेवावे. अडवून धरलेली फाईल नेमकी त्या चित्रावरच ठेवली, तर तुमची आणि त्याची नजरानजर होण्याचा प्रसंग येत नाही. घरी मुलांना बायबलमधल्या जक्कय जकातदाराची गोष्ट सांगताना तो उंबराच्या झाडावर चढला, येथेच थांबावे. खाली उतरल्यावर त्याने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले, हा भाग मुलांच्या वयाला झेपणारा नाही. मोठ्यांच्या तर मुळीच नाही.

जमिनीच्या दलालीत असाल तर काम आणखी सोपे आहे. रात्री भातशेतात मातीचे ट्रक रिकामे करून घ्यावेत आणि सकाळी नव्या ऑफिसात फादरांकडून पवित्र पाणी शिंपडून घ्यावे. दोन्ही कामे एकाच मजुरांकडून उरकता येत नाहीत, एवढीच काय ती गैरसोय. राय येथे दर ५ ऑगस्टला नव्या भाताची पहिली कणसे चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद घेतात. त्या कणसांच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, तर सहकुटुंब जावे. बुजवलेल्या शेतात कणीस धरत नाही हे खरे. पण अजून काही वर्षे ती शेजारच्या गावातून आणता येतील.

संतांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दर्शन खुले होते, तेव्हा रांगेत उभे राहिला असाल तर पुढच्या दहा वर्षांची बेगमी झाली. हा गृहस्थ १५४२ मध्ये गोव्यात उतरल्यावर इस्पितळातल्या रुग्णांची सेवा करीत असे, तुरुंगात कैद्यांना भेटत असे आणि रस्त्यात घंटा वाजवून मुले गोळा करीत असे. हे तपशील फोटोत येत नसल्यामुळे सोडून द्यावेत. (त्याने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालय, मागितले होते, याची आठवण एखाद्या हिंदू सहकाऱ्याने करून दिली तर तातडीने चहा मागवावा.) मुलाच्या व्हिसासाठी नवस बोलायचा तो बाणावलीच्या संत जुझे वाझ यांना. ते १६८७ मध्ये डचांची नजर चुकवून मजुराच्या वेषात श्रीलंकेत शिरले होते, तेव्हा कागदपत्रांच्या अडचणी त्यांना ठाऊक आहेत. कँडीत देवीची साथ आल्यावर टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा करायला ते मागे राहिले, हे मात्र मुलाला सांगू नये. त्याच्या मनात भलतेच काही यायचे.

मराठीपण आणि ख्रिस्तीपण यांची सांगड घालण्याचा प्रसंग साहित्य संमेलनात येतो. तेथे फादर स्टीफन्स यांचे नाव घ्यावे, १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणाचा अभिमान बाळगावा आणि मराठीची थोरवी गाणारी ओवी ठसक्यात म्हणावी. उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्यांत काय आहे, असे सहसा कोणी विचारत नाही.

एक जखम आपणा सर्वांची आहे. बाजारात एखादा आपल्याला ‘घाटी’ म्हणतो, तेव्हा ख्रिस्तात सर्व एक आहेत, हे पौलाचे वचन आपल्याला तोंडपाठ असते. हेच वचन आपल्या बाकावर येऊन बसलेल्या ओडिशाच्या गवंड्याला लागू होते काय, यावर मिस्सा सुरू असताना विचार करणे बरे नव्हे. किंचित सरकून बसावे आणि मध्ये पर्स ठेवावी.

राहता राहिली घरकाम करणारी बाई. ती झारखंडची असेल तर बहुधा आपल्याच धर्माची निघते आणि रविवारी सकाळी मिस्सेला जाण्यासाठी सुट्टी मागते. दुपारी पाहुणे जेवायला यायचे असतात आणि शाकुतीचे वाटण अजून व्हायचे असते. अशा वेळी कपाटाची किल्ली शोधून तो १९६४ चा दस्तऐवज खुशाल बाहेर काढावा आणि पाचारण रोजच्या कामातच असते, मनापासून केलेला स्वयंपाक हीसुद्धा देवाची सेवाच आहे, असे तिला प्रेमाने समजावून सांगून आपण चर्चला निघावे. पहिल्या रांगेत जागा मिळायची असेल तर साडेसातला पोहोचावे लागते.