कच्चं मांस खाऊन काढलेलं चित्र?

निजलेल्या बाईच्या छातीवर ठेंगणा खवीस बसलाय आणि पडद्याआडून घोड्यानं डोकं काढलंय, ते ‘द नाइटमेअर’ नावाचं चित्र तुम्हीही पाहिलं असेल. त्याच्याखाली हमखास फिरणारा मजकूर असा: चित्रकार हेन्री फ्युसेली वेडसर होता, रात्री कच्चं डुकराचं मांस खाऊन झोपायचा, पडलेलं स्वप्न सकाळी उतरवायचा, या एकाच चित्रावर गब्बर झाला आणि पुढे काहीच केलं नाही.

मांसाची वावडी जुनीच आहे. पण ब्रिटिश म्युझियममध्ये याच चित्राचं 1781 मधलं कच्चं रेखाटन आहे, आणि त्यात घोडा नाही! म्हणजे घोडा मागाहून, विचार करून आणला. ‘नाइटमेअर’मधला ‘मेअर’ मुळात घोडी नव्हेच, तर निजलेल्याच्या उरावर बसून श्वास कोंडणारं भूत. रात्री दचकून उठलेलं माणूस आपल्याकडेही ‘छातीवर काहीतरी बसलं होतं’ म्हणतंच की. ही समजूत रंगवायला स्वतःला स्वप्न पडायची गरज नाही.

वेडसर? हा स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा माणूस 1761 मध्ये धर्मोपदेशक झाला. मित्र लाव्हाटरबरोबर एका भ्रष्ट अधिकाऱ्याचं बिंग फोडलं म्हणून गाव सोडावं लागलं. लंडनला येऊन त्यानं जर्मन कला-अभ्यासक विंकेलमानचं ग्रीक कलेवरचं पुस्तक इंग्रजीत आणलं. 1799 मध्ये तिथल्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेत प्राध्यापक झाला. निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल तिथलाच विद्यार्थी. तोंडानं फटकळ होता, एवढं खरं.

आणि गब्बर कसला! मूळ चित्राचे त्याला 20 गिनी, म्हणजे 21 पौंड मिळाले. त्याच्या छापील प्रतींवर प्रकाशकानं मात्र 500 पौंडांहून जास्त कमावले.

‘पुढे काहीच केलं नाही’ हे तर सर्वांत हास्यास्पद. इंग्रज कवी मिल्टनच्या काव्यावर त्यानं एकट्यानं 47 चित्रं काढून दालन उघडलं. चाललं नाही, 1800 मध्ये बंद पडलं. शेक्सपिअरच्या नाटकातली परीराणी टायटानिया आणि गाढवतोंड्या बॉटम यांचं त्यानं काढलेलं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. त्यात उजवीकडे नीट पाहा: एक तरुण परी इवल्याशा दाढीवाल्या म्हाताऱ्याला दोरीनं बांधून, पाळीव कुत्र्यासारखं फिरवतेय. मला ते खविसापेक्षा भयंकर वाटतं.

बोटच ठेवायचं तर त्याच्या तैलरंगांवर ठेवा. रंग वापरण्यात तो भलताच निष्काळजी होता. कितीतरी चित्रं काळवंडली, तडकली. पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही.