पारा खाऊन प्रेत ताजं राहत नाही, काका

"चीनमधल्या २२०० वर्षं जुन्या कबरीत समुद्रमंथनाचं चित्र! पुनर्जन्म त्यांना आपणच शिकवला! पारदभस्मामुळे प्रेत आजही ताजं!" हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो, पण परवा काकांनीच विचारलं, चांगलं पारदभस्म कुठं मिळेल? मग मात्र राहवलं नाही.

कबर खरी आहे. हूनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुई इथं ती १९७२ साली उकरली. आत होत्या शिन झुई, तिथल्या एका बड्या सरदाराच्या पत्नी.

आधी पारा. शरीरात पारा आणि शिसं सापडलं, कबूल. पण त्याच शवविच्छेदनातलं बाकीचं मेसेजवाल्यानं सोयीस्कर गाळलंय. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या, पित्तखडे झालेले, वय पन्नाशीचं, मरण हृदयविकाराच्या झटक्यानं. पोटात खरबुजाच्या १३८ बिया तशाच होत्या, म्हणजे शेवटचं खाणं पचायलाही वेळ मिळाला नाही. तो पारा अमर होण्यासाठी घेतलेल्या औषधांतून गेला असावा, असं अभ्यासकांना वाटतं. घ्या, झाल्या अमर! प्रेत टिकलं ते हवाबंद कबरीमुळे. एकात एक चार शवपेट्या, भोवती सुमारे पाच टन कोळसा, त्याबाहेर चिकट पांढऱ्या मातीचा मीटरभर जाड थर. शेजारीच मुलाची कबर आहे. तिथली बंदिस्ती कच्ची राहिली, तर हाती लागला नुसता सांगाडा. पाऱ्यानं मूत्रपिंडं जातात, काका, एवढंच होतं.

समुद्रमंथन? आतल्या शवपेटीवर दोन मीटरहून लांब रेशमी पट होता, त्यात एका गोल जेडच्या चकतीतून दोन ड्रॅगन एकमेकांत गुंतलेत. ना मंदार पर्वत, ना ओढणारे देव-दानव. वर, मधोमध काठी टेकत वाकून उभ्या शिन झुई, मागे दासी. त्याहून वर स्वर्गाचं दार आणि दोन द्वारपाल.

पुनर्जन्माचा तर मागमूस नाही. पुन्हा जन्मच घ्यायचा, तर एवढा संसार बरोबर कशाला? "कृपया जेवा" असं लिहिलेली लाखेची भांडी, कपड्यांच्या पेट्या, लाकडी नोकरचाकर, आणि या सगळ्याची बांबूच्या पट्ट्यांवर यादी. मुलाच्या कबरीत तर इ.स.पू. १६८ची एक लाकडी पट्टी निघाली. घरचा कारभारी परलोकातल्या अधिकाऱ्याला कळवतोय की सामानाची यादी सोबत पाठवली आहे, ती वरिष्ठांकडे सादर करावी. मेल्यावरही दप्तर सुटलेलं नाही.

एक मुद्दा अर्धा देतो. पटावरच्या चंद्रात बेडकाबरोबर ससाही आहे, आणि शशांक, म्हणजे सशाची खूण असलेला चंद्र, आपलाही. कोणी कोणाकडून घेतलं, याचा निकाल लागलेला नाही. आपला यमसुद्धा चीनला गेला, तिथं तो यानलुओ झाला. पण गेला तो बौद्ध धर्माबरोबर, आणि तो धर्म तिथं पोचला इसवीसनाच्या पहिल्या शतकात. बाईंना पुरून तोवर सुमारे दोनशे वर्षं झाली होती.