मालकाकडून उत्तर: नॅनो कोटिंगचा धोका आम्ही लपवला नाही सर

सर तुमचा रिव्ह्यू वाचला, एक स्टार बघून रात्री झोप नाही लागली खरं सांगतो. नॅनो कोटिंग करून, म्हणजे गाडीच्या रंगावर चमक टिकवणारा थर लावून, गाडी पाचला देतो म्हणालो आणि साडेसात वाजले, चूक आमची, सॉरी. बॉनेटवर डाग पडलेत त्याचं पण वाईट वाटलं.

पण "नॅनोचा धोका लपवून साडेचौदा हजार उकळले" हे मनाला लागलं. नॅनो म्हणजे डोळ्याला न दिसणारे बारीक कण, ते श्वासात जातील ही तुमची भीती. तुम्हीच वर लिहिलंय की कोटिंग चालू असताना आमच्या पोराने तुम्हाला आणि मुलीला आत येऊ दिलं नाही, उद्धटपणे दारात अडवलं. अहो का अडवलं? आत सॉल्व्हंटचा, म्हणजे लिक्विडमधल्या उडून जाणाऱ्या केमिकलचा वास असतो, तो स्वतः मास्क घालून होता, तुम्ही त्याला "एवढं काय नाटक" म्हणालात ते मी काउंटरवरून ऐकलंय. मग लपवलं कुणी?

आणि हे कोटिंगचं सिलिकाचं (वाळूत असतं ते) लिक्विड आम्ही पॅडवर घेऊन हाताने लावतो, फवारत नाही. एकदा सुकून पक्कं बसलं की ते उडून नाकात जात नाही, जपायचं असतं ते फवारताना नाहीतर नंतर कुणी घासून काढताना. ट्रेनिंगला आम्हाला जर्मनीचा किस्सा सांगितला होता, 2006 मध्ये मॅजिक नॅनो नावाचा बाथरूमचा स्प्रे आला, शंभराच्या आसपास लोकांना श्वासाचा त्रास, काही जण हॉस्पिटलात, सगळा माल परत बोलवावा लागला, आणि तपासलं तर त्यात नॅनो कण नव्हतेच!! नुसतं नाव. माझ्याकडे पण सप्लायर असेच स्प्रेचे डबे घेऊन आला होता, बाईकला पाचशेत नॅनो शाईन मारा, मार्जिन डबल. सेफ्टी शीट, म्हणजे मालात काय आहे आणि धोका काय त्याचा कागद, मागितली तर म्हणतो "कोण बघतंय साहेब". नाही घेतले. तेच डबे मारून बाकीचे गर्दी खेचतात आणि मी बघत बसतो.

बोर्डावर नॅनो का लिहिलंय विचारलंत. आधी नुसतं सिरॅमिक कोटिंग होतं, लोक विचारायचे नॅनो आहे का आणि नाही दिसलं की पुढच्या दुकानात जायचे, म्हणून टाकलं. धंद्यासाठीच टाकलं, खोटं कशाला बोलू. आता त्याच शब्दावरून शिव्या खातोय.

डागांचं म्हणाल तर सात दिवस गाडी धुवू नका हे तोंडी सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाकलं, ब्लू टिक आहे. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या माणसाने टँकरच्या पाण्याने धुतली हे तुम्हीच फोनवर बोललात. टँकरमधलं बोअरचं जड, क्षारांचं पाणी उन्हात वाळलं की कुठल्याही कोटिंगवर डाग पडणार.

तरी गाडी घेऊन या, बॉनेट पॉलिश करून देतो, पैसे नकोत. आत का सोडत नाही त्याचा बोर्ड पण लावतो मोठ्या अक्षरात, आणि टायमिंगचं बघतोय काय करता येतं. फक्त शनिवार रविवार सोडून या, गर्दी असते.