‘लँडस्लाइड’ला ६० टक्क्यांची अट कुणी घातली?

निवडणुकांचे निकाल लागले की भाषेचे धडे देणारा एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्यातली विधानं थोडक्यात अशी: ६० टक्क्यांहून जास्त मतं मिळाली तरच विजयाला लँडस्लाइड (म्हणजे प्रचंड, एकतर्फी विजय) म्हणता येतं, असा विजय म्हणजे बहुसंख्य जनता त्या पक्षामागे उभी असल्याचा पुरावा, हा शब्द राजकारणात आला तो १९३६ साली अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट पुन्हा जिंकले तेव्हा, मुळात तो दरड कोसळण्याचा शब्द, म्हणून विजयासारख्या शुभ गोष्टीला लावणं अडाणीपणाचं, आणि वॉकओव्हर, व्हाइटवॉश ही त्याचीच भावंडं, हवा तो वापरा. आकडा आहे, साल आहे, व्युत्पत्ती आहे, त्यामुळे मेसेज अभ्यासपूर्ण वाटतो आणि लोक तो डोळे झाकून पुढे ढकलतात.

आधी ते ६० टक्के. अशी अट कुठल्याही कायद्यात नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही, ब्रिटनच्या निवडणूक कायद्यात नाही, भारताच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही नाही. निवडणूक अधिकारी उमेदवाराला विजयी घोषित करतो आणि मोकळा होतो. ‘लँडस्लाइड’ ही पदवी देतात पत्रकार, विश्लेषक आणि अर्थातच जिंकलेला पक्ष. काही अभ्यासक सोयीसाठी एखादी रेषा आखून घेतात, कुणी मतांच्या टक्केवारीची, कुणी दोन उमेदवारांमधल्या अंतराची. पण ती त्यांच्या त्यांच्या अभ्यासापुरती.

बरं, अट मान्य करून बघू. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ६० टक्क्यांपलीकडे गेले ते चौघेच: १९२० साली हार्डिंग, १९३६ साली रुझवेल्ट, १९६४ साली जॉन्सन आणि १९७२ साली निक्सन. आता १९८४ बघा. रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, ५३८ पैकी ५२५ इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) घेतली. प्रतिस्पर्धी वॉल्टर मोंडेल यांच्या हाती उरलं त्यांचं स्वतःचं मिनेसोटा आणि राजधानी वॉशिंग्टन. पण रेगन यांची मतं ५८.८ टक्के. म्हणजे मेसेजच्या हिशेबाने ही लँडस्लाइड नव्हेच! मग लँडस्लाइड म्हणायचं तरी कशाला?

दुसरं विधान जास्त घातक आहे, कारण ते अनेकांना मनापासून पटलेलं असतं. लँडस्लाइड झाली म्हणजे बहुसंख्यांनी मत दिलं, असं नसतं. ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, या पद्धतीत तर नसतंच. १९८४ साली लोकसभेत काँग्रेसने चारशेचा आकडा ओलांडला, तेव्हाही तिची मतं ४९ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे निम्म्याच्या आतच. आणि ही तरी बरीच वरची पायरी झाली.

ब्रिटनमध्ये १९७९ साली थॅचर यांच्या हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला ४३.९ टक्के मतं आणि ३३९ जागा मिळाल्या. १९८३ साली मतं घटून ४२.४ टक्के झाली आणि जागा वाढून ३९७ झाल्या. लँडस्लाइड म्हणून इतिहासात नोंद आहे ती या दुसऱ्या निवडणुकीची. कारण साधं होतं: विरोधी मतं फुटली. लेबर या मुख्य विरोधी पक्षाला २७.६ टक्के, लिबरल आणि एसडीपी (सोशल डेमोक्रॅटिक पक्ष) यांच्या आघाडीला २५.४ टक्के. या दोघांत मतांचं अंतर किरकोळ, पण लेबरला २०९ जागा आणि आघाडीला अवघ्या २३. आघाडीची मतं देशभर पसरलेली होती, लेबरची ठरावीक मतदारसंघांत साचलेली. पसरलेली मतं दुसरा क्रमांक मिळवून देतात, जागा नाही.

२०२४ची गोष्ट याहून गमतीची. लेबरने ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या, मतं ३३.७ टक्के. पाच वर्षांपूर्वी सपाटून हरलेल्या याच पक्षाला २०१९ साली १ कोटी २ लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं होतं आणि जागा आल्या होत्या २०२. जिंकताना ते मतदार उतरले ९७ लाखांवर, आणि जागा दुपटीने वाढल्या. घडलं काय, तर हुजूर पक्षाची मतं ४३.६ टक्क्यांवरून २३.७ टक्क्यांवर आली, जागा ३६५ वरून १२१ वर. लेबरचा डोंगर फारसा वाढलाच नाही; शेजारचा खचला.

म्हणूनच मला हा शब्द चपखल वाटतो. तो जिंकणाऱ्याची उंची सांगत नाही, हरणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली हे सांगतो. कॅनडात १९९३ साली सत्तेवर असलेल्या प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १६ टक्के मतं पडली आणि जागा उरल्या दोन. पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतःच्या मतदारसंघातही पडल्या. बहुमत कुणाकडे होतं हे नंतर बघू, आधी कोण गाडलं गेलं ते बघा, असा तो निकाल होता.

आणि प्रचंड विजय म्हणजे पाच वर्षांचा अभयपट्टा, हा समजही याच विधानातून येतो. निक्सन यांनी १९७२ साली ४९ राज्यं जिंकली; दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत, ऑगस्ट १९७४ मध्ये, त्यांना राजीनामा द्यावा लागला.

१९३६चा मुद्दा दोन ओळींत संपतो. जमीन घसरण्यासाठी ब्रिटिश ‘लँडस्लिप’ म्हणत, ‘लँडस्लाइड’ हे अमेरिकी रूप, आणि एकतर्फी निवडणुकीसाठी त्याचा वापर एकोणिसाव्या शतकातलाच आहे. कोशांत १८८८ सालचा दाखला दिलेला असतो. तेव्हा रुझवेल्ट सहा वर्षांचे होते. १९३६चा निकाल मात्र खरोखर अफाट होता, इलेक्टोरल मतं ५२३ विरुद्ध ८. प्रतिस्पर्ध्याकडे फक्त मेन आणि व्हरमाँट ही दोन राज्यं. ‘मेन जिकडे, देश तिकडे’ अशी तिथे जुनी म्हण होती. रुझवेल्ट यांचे प्रचारप्रमुख जेम्स फार्ली यांनी ती फिरवून म्हटलं, मेन जिकडे, व्हरमाँट तिकडे.

राहिला ‘अशुभ’ शब्दाचा आक्षेप. हा घेणाऱ्यांनी मराठी वर्तमानपत्रांचे निकालाच्या दिवशीचे मथळे काढून बघावेत. विरोधकांचं पानिपत, धुव्वा उडाला, भुईसपाट, सुपडा साफ, शिवाय हल्ली त्सुनामी. १७६१ साली पानिपतावर आपलीच एक पिढी कापली गेली, तरी कुठल्याशा पंचायतीत पॅनल पडलं की आपण ‘पानिपत’ लिहितो आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. (‘भूस्खलन विजय’ असं शब्दशः लिहिणाऱ्यांबद्दल मात्र तक्रार जरूर करावी. दणदणीत, घवघवीत, एकतर्फी असे शब्द घरात असताना ही उसनवारी कशाला?)

उलट अमेरिकेत या शब्दाची सगळ्यात झकास उदाहरणं टिंगलीतलीच आहेत. लिंडन जॉन्सन १९४८ साली टेक्सासमध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी लढले. जवळपास दहा लाख मतं पडली आणि ते जिंकले ८७ मतांनी. मतदानानंतर सहा दिवसांनी जिम वेल्स काउंटीतल्या १३ क्रमांकाच्या पेटीत २०२ मतं वाढल्याचं निघालं, त्यातली २०० जॉन्सन यांची. यादीच्या शेवटी जोडलेली ती नावं वर्णानुक्रमाने, एकाच शाईत, एकाच हाताने लिहिल्यासारखी होती. तेव्हापासून त्यांना नाव पडलं ‘लँडस्लाइड लिंडन’. पुढे १९६४ साली याच माणसाने ६१ टक्के मतं घेऊन खरीखुरी लँडस्लाइड करून दाखवली, हा भाग वेगळा. जॉन केनेडींनीही १९५८ साली वॉशिंग्टनमधल्या पत्रकारांच्या एका मेजवानीत वडिलांची तार म्हणून एक विनोद वाचून दाखवला होता: गरजेपेक्षा एकही मत जास्त विकत घेऊ नकोस, लँडस्लाइडचा खर्च मी देणार नाही. दोन वर्षांनी केनेडी अध्यक्ष झाले ते अगदी निसटत्या मताधिक्याने.

शेवटची ती ‘भावंडं’. वॉकओव्हर म्हणजे समोर कुणी उतरलंच नाही म्हणून मिळालेला विजय. शर्यतीत एकच घोडा उरला तर तो मैदानातून नुसता चालत गेला तरी जिंकतो, त्यावरून हा शब्द आला. सोप्या विजयालाही तो सैलपणे वापरतात, पण बिनविरोध निवडीशी त्याचं नातं जास्त जवळचं. व्हाइटवॉशला मालिका लागते आणि त्यातले सगळे सामने एकानेच जिंकावे लागतात. १९८४ साली वेस्ट इंडिजने इंग्लंडला त्यांच्याच देशात ५-० असं धुतलं, तेव्हा प्रेक्षकांनी ‘ब्लॅकवॉश’चे फलक नाचवले होते. राजकारणात मात्र व्हाइटवॉशचा अर्थ वेगळाच होतो: भानगडीवर रंगसफेदी करणं. सत्ताधाऱ्यांच्या मोठ्या विजयाला तुम्ही इंग्रजीत व्हाइटवॉश म्हणालात, तर वाचणारा आधी विचारेल, कुठलं प्रकरण दाबलं?