अतिथी देव, आंघोळ जाहीर

अलिबागला दोन रात्रींसाठी बंगला घेताय ना? मग छुप्या कॅमेऱ्यांची धास्ती आधी सोडा. आपल्याकडे अतिथी म्हणजे देव. आणि देवाचं काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत सगळं, अगदी पंचामृतानं न्हाणं आणि वस्त्रं बदलणंसुद्धा, चारचौघांतच होतं. त्यानं कधी तक्रार केलीय?

बेडरूमच्या छताला धूर ओळखणारं यंत्र दिसलं तर मालकाला दुवा द्या. फोडणी करपते त्या स्वयंपाकघरात ते नसेल, पण गादीच्या बरोबर वर असेल. आमच्या मुक्कामात पलंगासमोर एक टेबलावरचं घड्याळ होतं. दोन तास मागे, तरी प्लग चालू. बायकोनं त्यावर ओला टॉवेल वाळत टाकला, तर पाच मिनिटांत केअरटेकर दारात. ‘‘साहेब, काही अडचण नाही ना?’’ अशी सेवा पंचतारांकित हॉटेलातही मिळत नाही.

काही अतिशहाणे दिवे मालवून टॉर्च फिरवतात, कारण भिंग चमकतं म्हणे. कुणी अंधारात सेल्फी कॅमेऱ्यातून इन्फ्रारेडचा ठिपका शोधतं, कुणी वायफायवर कोणकोणती उपकरणं जोडलीत ते तपासतं. (मेमरी कार्डवर साठवणारा कॅमेरा वायफायवर दिसतच नाही, पण त्यांची मजा कशाला घालवा.) तुम्ही भजी खा. भाडं तुम्ही भरलंय, म्हणून झडतीही तुम्हीच घ्यायची का? शिवाय घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं तुम्ही मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पाठवलीत. आता परकेपणा कसला!

घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळानं उगाच ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरे लावायला जगभर बंदी केली. त्याआधी हॉलसारख्या सामायिक जागेत चालायचे. अट एवढीच, की कॅमेरा नजरेला पडायला हवा आणि पाहुण्यांना आधी सांगायला हवं. लपवणाऱ्यानं आधी कळवायचं, केवढा हा विश्वास!

कायदाही आहे. स्त्रीचं असं चोरून चित्रीकरण केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद. पुरुषाचं चित्रीकरण त्या कलमात बसत नाही, त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आहे. म्हणून कॅमेरा सापडलाच, तर त्याला हात न लावता फोटो काढणं, पोलिसांना बोलावणं असला आततायीपणा करू नका. आधी मालकाला फोन करा, सविस्तर समजवा, आणि मग सगळे मिळून समुद्रावर जा. परत येईपर्यंत छताला फक्त स्क्रूची दोन भोकं असतील. पोलिसांना तीच दाखवा.

निघताना पाच तारे द्यायला विसरू नका. मालकही तुम्हाला तारे देतो. ‘पाहुणे फार स्वच्छ, दोन वेळा आंघोळ करणारे’ असं त्यानं लिहिलं, तर हसून आभार माना.