न्यूट्रलमधला रेला

माझ्या गाडीला आवाज येतो, ही बातमी मला आमच्या पोदेराने दिली. पोदेर म्हणजे पाववाला. सकाळी साडेसहाला सायकलचा भोंगा पोंऽऽक पोंऽऽक करत अख्ख्या वाड्याला उठवणारा माणूस. तो फाटकापाशी पाय टेकून उभा राहिला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "पात्रांव, हांतूंत कितें फातर भरल्यात?"

फातर म्हणजे दगड. मी पावांची पिशवी हातात घेतली आणि पहिल्यांदाच गाडीला नीट कान दिला. दगड नव्हते, पण पत्र्याच्या डब्यात मूठभर सुपाऱ्या टाकून कोणीतरी तो डबा सावकाश हलवत होतं. क्लच दाबला, डबा थांबला. क्लच सोडला, सुपाऱ्या पुन्हा सुरू.

फोंडा तालुक्याची हवाच तशी आहे म्हणायचं. इथल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या तबकडीवर बसून निघाला, तो सूर्यमाला ओलांडायला. माझ्या गिअरबॉक्सचा तूर्त शेजारच्या तीन घरांपर्यंत पोचतो.

गाडी मी जुनी घेतली, मडगावच्या एका तरुणाकडून. छोटीच आहे, पण टर्बो आहे, दोनशेच्या आसपास घोडे आहेत आणि गिअर हाताने टाकायचे आहेत. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी माणसाला यातलं काहीही लागत नाही, हे बायकोने व्यवहाराआधी, व्यवहाराच्या वेळी आणि व्यवहारानंतर सांगितलं. "बाजारातून मासळी आणायला दोनशे घोडे?" एवढंच ती म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली. विकणाऱ्या तरुणाने किल्ली देताना एक वाक्य टाकलं होतं, "गाडी एकदम मोकळी केलेली आहे हां." मी मान डोलावली. मोकळी म्हणजे कर्ज फिटलेली, असं मला वाटलं.

बाबांना मात्र गाडीचं अप्रूप होतं. बाबा निवृत्त शिक्षक, वय शहात्तर, आणि गेली पन्नासेक वर्षं देवळातल्या भजनाला आणि जत्रेच्या नाटकाला तबल्यावर. त्यांना मी मोठ्या उत्साहाने समजावलं की अशा गाडीत वेगात असताना खालचा गिअर टाकायचा तर डाव्या पायाने क्लच, उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक, त्याच पायाच्या टाचेने रेस आणि हाताने गिअर, हे सगळं एका क्षणात करावं लागतं. बाबा ऐकून घेत म्हणाले, "लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर दोन हातांनी दोन ताल आणि पायाने तिसरा धरायचे, असं सांगतात. पण ते बैठकीत. त्यांच्या समोरून ट्रक येत नसे."

असो. आवाज घेऊन मी आमच्या गॅरेजवाल्या भाऊंकडे गेलो. भाऊ बॉनेटकडे बघायच्या आधी तोंडाकडे बघतात. "आवाज कसलो? घरघर काय खरखर?"

मराठीत आवाजांना इतके शब्द आहेत याचा मला आजवर अभिमान होता. भाऊंपुढे उभं राहिल्यावर त्याची किंमत कळली, अक्षरशः रुपयांत. घरघर म्हटलं तर बेअरिंग. गिअर टाकताना कर्र म्हटलं तर सिंक्रो. वळणावर टकटक म्हटलं तर सीव्ही जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी भुणभुण म्हटली तर चाकाचं बेअरिंग. क्लच सोडताना खट्ट म्हटलं तर माउंटिंग. शब्द बदलला की बिल बदलतं. मी घाबरून "खुळखुळ" म्हणालो, कारण खुळखुळा सगळ्यांत स्वस्त असतो.

भाऊंनी लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक गिअरबॉक्सला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. गोव्यातल्या निम्म्या गाड्यांची नाडी या स्क्रूड्रायव्हरने पाहिली असेल. मग मला क्लच दाबायला लावला, सोडायला लावला, परत दाबायला लावला. "दाबल्यावर आवाज वाढला असता तर रिलीज बेअरिंग. तुमचा दाबल्यावर जातो. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरची पेटी सुटी होतात, इंजिनकडून फिरणारा आतला दांडा, इनपुट शाफ्ट, थांबतो. म्हणजे त्याच्याच बेअरिंगचा आवाज. पेटी खाली घ्यावी लागणार."

पेटी खाली घेणं हे वाक्य गॅरेजमध्ये हळू आवाजात बोलतात, घरात ऑपरेशन हा शब्द बोलतात तसं. मजुरी आणि सामान मिळून पस्तीस हजार. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

दुसरं मत घ्यायला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे एसी होता, कॉफी होती, आणि पोलो शर्टातल्या मुलाने गाडीला वायर लावून टॅब्लेट बघितला. "सर, एकही फॉल्ट कोड नाही. त्यामुळे आवाज नाही." मी म्हटलं, ऐका तरी. त्याने ऐकलं. ऐकून परत टॅब्लेटकडे बघितलं. दातेरी चाकांच्या पेटीला स्वतःचा खडखडाट कॉम्प्युटरला कळवायची सोय नसते, हे मला तोवर यूट्यूबवरून कळलं होतं, पण त्याच्या टॅब्लेटवरच्या श्रद्धेला धक्का लावायचं माझ्या जिवावर आलं. निघताना त्याने सांगितलं की तरीही हवंच असेल तर आतले सुटे भाग येत नाहीत, अख्खी असेंब्ली बदलतात. आकडा ऐकून मी कॉफी परत केली.

मग मी स्वतःच संशोधनाला लागलो. रात्री बारापर्यंत व्हिडिओ, सकाळी प्रयोग. एका रविवारी बायकोला मागच्या सीटवर बसवून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नेलं. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. चाकाच्या बेअरिंगची खूण अशी की डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा भुणभुण वाढली तर उजवं बेअरिंग खराब, आणि उलट वळताना वाढली तर डावं. मी डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे अशी गाडी नागमोडी नेत होतो आणि बायको मागून अहवाल देत होती. "काही नाही. काही नाही. मळमळतंय." फाटकावरचा वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी हात करून थांबवलं आणि आपुलकीने विचारलं, "शिकताय काय?"

पुढचा प्रयोग फर्मागुडीच्या उतारावर. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, उतारावर सोडली. (तुम्ही करू नका. मागे हमखास सरकारी कदंबा बस असते आणि तिच्या ड्रायव्हरला विज्ञानात रस नसतो.) गाडीचा वेग वाढत गेला, पण सुपाऱ्यांची लय तसूभर हलली नाही. म्हणजे आवाज चाकांच्या फिरण्याशी बांधलेला नव्हता. चाकं संशयातून सुटली, त्यांना फिरवणारं डिफरन्शियलही सुटलं. आवाज इंजिनच्या बाजूचा. भाऊ बरोबर होते, पस्तीस हजार बरोबर होते.

तरी माणूस शेवटची पळवाट शोधतोच. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, आधी गिअर ऑइल बदल, अर्धे आवाज तिथेच मरतात. म्हापशाच्या दुकानात दोन डबे समोर आले. दोन्ही ७५डब्ल्यू-९०, पण एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५. मी शाळामास्तरचा मुलगा. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, हे मला पहिलीपासून ठाऊक. शिवाय दीडशे रुपये महाग. घेतला.

चौथ्या दिवशी तिसरा गिअर टाकताना कर्र झालं. आता माझ्याकडे दोन आवाज होते.

भाऊंनी रिकामा डबा बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं आई शेजारणीच्या सल्ल्याने केलेल्या औषधाकडे बघायची. गिअर जुळवणारी सिंक्रोची कडी बहुधा पितळेची. ती समोरच्या कोनावर घासून दोघांचा वेग एक करते, तेव्हा गिअर गुपचूप बसतो. जीएल-५ मध्ये जास्त दाब सोसणारी गंधकयुक्त रसायनं जास्त असतात. ती मागच्या ॲक्सलला अमृत, पण कडीला धड घासूही देत नाहीत आणि काही प्रकारची पितळेला हळूहळू खातात. "घसरड्यावर ब्रेक लागतो काय?" भाऊ म्हणाले. ऑइल थाळीत सोडलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काजळासारखा करडा लेप होता. तो भाऊंनी चिमटीत चोळला, बारीक होता, टोचत नव्हता, म्हणजे दात तुटलेला नाही. मग थोडं ऑइल तळव्यावर घेऊन उन्हात धरलं आणि हात तिरका करून बघितला. चवथीच्या आराशीतल्या बेगडाचा चुरा पडावा, तशी दोन-चार सोनेरी कुसळं चमकली. "थोडं पितळ आहे. चालतं. पण परत आकडे बघून खरेदी करू नका." जीएल-४ पडलं आणि कर्र गेलं. खुळखुळ तिथेच.

शेवटी पेटी उतरवायचा वार ठरला, सोमवार. गाडी सोडायला निघालो तर बाबा म्हणाले, मलाही यायचंय, घरी बसून कंटाळलो. गाडीत बसताना आधी कुरकुरले, की ही काय सीट, पाटावर बसून आरशात आकाश बघायचं. मग मी इंजिन सुरू केलं आणि ते एकदम गप्प झाले. मान थोडी डावीकडे कलली. भजनात कोणी बेताल झालं की ती तशी कलते.

गॅरेजमध्ये भाऊंनी जॅक आणला तरी बाबा उतरेनात. "थांबा हो जरा," ते म्हणाले. "अरे, थोडी रेस दे." मी दिली. "अजून." दीड हजारापर्यंत काटा गेला आणि सुपाऱ्या थांबल्या. "सोड." परत सुरू. "दे." गप्प. असं चार वेळा झालं. बाबा खिडकीतून भाऊंना म्हणाले, "हा आवाज फक्त ठाय लयीत आहे. लय वाढली की नाहीसा होतो. तुमचं ते बेअरिंग मोडलं असेल, तर ते द्रुत लयीत गप्प का बसेल? उलट बोंब मारेल ना?"

भाऊंनी जॅक खाली ठेवला.

"हे टाळकऱ्यांसारखं आहे," बाबा आता वर्गात शिरले होते. "अभंग सावकाश चालला असला की नवख्या टाळकऱ्याला मधल्या मात्रांत हात आवरत नाही, तो आपला किणकिण किणकिण करत राहतो. लय चढली की त्याला मधे जागाच उरत नाही. काहीतरी सैल आहे आत, मोडलेलं नाही."

भाऊंनी स्क्रूड्रायव्हर पुन्हा कानाला लावला, या वेळी मला रेस द्यायला सांगून. मग कपाळावर हात मारला. "मास्तर, खरें तें!" आणि माझ्याकडे वळून: "हिचं फ्लायव्हील, इंजिनमागचं ते जड चाक, बदललंय काय?"

मी मडगावला फोन लावला. तो तरुण प्रसन्न होता. "हो तर! हलकं, एकसंध फ्लायव्हील घातलंय. म्हणून तर इंजिन असं झटकन चढतं. मी सांगितलं होतं ना, गाडी मोकळी केलेली आहे."

त्याचं पुराण भाऊंनी बोनेटवर टेकून सांगितलं. पेटीतले गिअर एकमेकांत कायम गुंतलेले असतात. न्यूट्रलमध्ये ते शाफ्टवर नुसते मोकळे फिरतात आणि त्यांच्या दातांमध्ये केसभर फट असते. इंजिन काही एकसारखं ओढत नाही, दर स्फोटाला धक्का देतं. मूळ फ्लायव्हील दोन चकत्यांचं असतं, मधे स्प्रिंगा. त्या स्प्रिंगा हे धक्के गिळतात. वजन वाचवायला एकसंध हलकं चाक घातलं की धक्का थेट पेटीत जातो आणि मोकळे गिअर त्या केसभर फटीत इकडून तिकडे आपटत राहतात. क्लच दाबला की गप्प, रेस दिली की गप्प. बिघाड नाही. शर्यतीच्या गाड्यांत हे असंच वाजतं.

"एका मिनिटात किती धक्के?" बाबांनी विचारलं.

मी हिशेब केला. चार सिलिंडर, एका फेरीला दोन स्फोट, उभ्या गाडीत साडेआठशे फेऱ्या. "सतराशे. सेकंदाला अठ्ठावीस."

"अठ्ठावीस!" बाबा खूश झाले. "रेला आहे मग." रेला म्हणजे तबल्यावर द्रुत लयीत अखंड वाहणारे बोल.

मूळ दोन चकत्यांचं चाक परत घालायचं तर माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त. तो विषय मी घरी काढलाही नाही. भाऊंच्या ओळखीच्या एका पोराने लॅपटॉप लावून आयडल, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनच्या फेऱ्या, साडेआठशेवरून साडेनऊशेवर नेला आणि तीन हिस्से सुपाऱ्या गेल्या. भाऊंनी त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत, बाबांना चहा मात्र दोनदा पाजला. घरी बायकोने विचारलं, काय निघालं शेवटी? मी म्हटलं, काही नाही, गाडी मोकळी आहे. ती म्हणाली, मग शुक्रवारच्या बाजाराला घेऊन चल.

पोदेर परवा फाटकाशी थांबला. कान लावून म्हणाला, "फातर काडले?" आणि थोडा हिरमुसून भोंगा वाजवत पुढे गेला.

बाबांना काल संध्याकाळी भजनाला म्हार्दोळला सोडायला नेलं. वाटेत कामासाठी रस्ता एकेरी केला होता, रांगेत उभे होतो. गाडी न्यूट्रलमध्ये. बाबांनी चष्मा सारखा केला, दोन्ही हातांची बोटं डॅशबोर्डवर टेकवली आणि बराच वेळ काही जमतंय का बघत राहिले. मग नाराजीने हात मागे घेतले.

"अरे, त्या पोराला सांगून परत साडेआठशे करून आण. या चढ्या लयीत बोलच निघत नाहीत."